हरळी किती तास तग धरते?

अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या स्टिलवॉटरजवळ लेक कार्ल ब्लॅकवेल हा तलाव आहे. त्याच्या धरणाखालीच कृषी खात्याची उघड्यावरची जलप्रयोगशाळा १९४० च्या दशकापासून चालू आहे. तलावाचे पाणी सायफनने खाली घ्यायचे, गवताळ चरांतून हवे तेवढ्या जोराने सोडायचे आणि माती कुठे सुटते ते पाहायचे, हे तिथले मूळ काम. या खात्याच्या योजनेतून देशभर अकरा हजारांहून अधिक छोटी धरणे बांधली गेली. त्यांतल्या बहुतेकांचा पुराचा सांडवा काँक्रीटचा नाही, गवताने झाकलेल्या मातीचा आहे. म्हणून तो पुरात किती वेळ टिकेल, हे आधी सांगता येणे गरजेचे.

पाणी वाढले की गवत आडवे पडते आणि मातीवर झोपून तिला झाकते. संशोधक री आणि पामर यांनी १९४९ च्या अहवालात हे वागणे आकड्यांत बांधले. पण पुढचे टप्पे अधिक घातक. आधी गवत उखडते आणि प्रवाह एका जागी एकवटतो. मग तिथे खड्डा खोल होत उभी कड तयार होते. शेवटी ही कड ढासळत ढासळत वर, जलाशयाकडे सरकते. ती सांडव्याचा माथा ओलांडून गेली, की सांडवाच फुटतो. ‘साइट्स’ आणि ‘विनडॅम’ या संगणक प्रणाली याच टप्प्यांचा तासागणिक हिशेब मांडतात.

याच प्रयोगशाळेतल्या ग्रेग हॅन्सन यांच्या चमूने मातीच्या बांधांवरून मुद्दाम पाणी वाहू देऊन ते फोडले. वाळूमिश्रित मातीचा बांध झपाट्याने वाहून गेला, चिकणमातीचा कितीतरी जास्त वेळ उभा राहिला. भरावाच्या वेळी मातीत ओल किती होती आणि दबाई किती झाली, यावरही झीज अनेक पटींनी बदलते. मला या सगळ्या कामातला हाच निष्कर्ष सर्वांत मोलाचा वाटतो: गवत वेळ मिळवून देते, पण धरण शेवटी दबाईवर टिकते.

तिथे तपासलेल्या गवतांत बर्म्युडा ग्रास आहे, म्हणजे आपली हरळी. प्रयोग सांगतात की आच्छादन जितके एकसारखे तितके भक्कम. एक टक्कल, एक पायवाट किंवा एकटे झाड पाण्याला वाट दाखवते. आपल्या पाझर तलावांच्या आणि मातीच्या धरणांच्या सांडव्यांवर बाभळी, झुडपे वाढू देऊ नका. उघडी पडलेली जागा दिसली, तर मृग लागण्याआधी माती दाबून तिथे हरळी लावा.