कोल्हापूर येथे उपग्रह-दूरदर्शनाचे संगणकाद्वारे ग्रहण : दोषशोधनाविषयी काही विचार

उपग्रहावरून येणारे दूरदर्शनचे प्रक्षेपण संगणकात बसविलेल्या ट्यूनर कार्डाच्या साहाय्याने पाहता येते, ही गोष्ट आता नवी राहिलेली नाही. २०१७ मध्ये ‘स्वयंप्रभा’ या शैक्षणिक वाहिन्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून विनामूल्य सुरू झाल्या, तेव्हापासून तर महाविद्यालयांना आपल्या संगणकावर व्याख्याने उतरवून घेण्याचा हा एक स्वस्त मार्ग खुला झाला. परंतु चित्र आले नाही, की दोष सामान्यतः कार्डाच्या किंवा पावसाच्या माथी मारला जातो. नवे कार्ड विकत आणले जाते, चित्र तरीही येत नाही आणि व्याख्यानाची वेळ निघून जाते. दोष कोठे आहे हे खर्च करण्यापूर्वीच कसे ठरवावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात कोल्हापूरचे स्थान गृहीत धरून केले आहे.

संगणकाच्या पडद्यावर संदेशाविषयी दोन आकडे दिसतात : तीव्रता आणि गुणवत्ता. पुष्कळसा घोटाळा या दोहोंत भेद न केल्यामुळे होतो. तीव्रता म्हणजे तारेवाटे कार्डापर्यंत पोचलेली एकंदर शक्ती. तीत हवा असलेला संदेश येतो, नको असलेले संदेश येतात आणि डिशच्या तोंडाशी बसविलेल्या एलएनबीचा स्वतःचा गोंगाटही येतो. म्हणूनच डिश भलत्याच दिशेस वळलेली असतानाही तीव्रतेचा आकडा भरघोस दिसू शकतो. गुणवत्तेचा आकडा हा हव्या त्या संदेशाचे गोंगाटाशी असलेले प्रमाण दर्शवितो, आणि दिशा साधताना भरवसा ठेवावा तो त्यावरच. हे शेकडेवारीचे आकडे निरनिराळ्या कार्डांवर निरनिराळ्या रीतीने काढलेले असतात. एका कार्डावरील साठ व दुसऱ्यावरील साठ यांची तुलना करणे व्यर्थ होय.

आता दिशेचा विचार करू. जीसॅट-१५ हा विषुववृत्तावर पूर्व रेखांश ९३.५ अंशांवर आहे. कोल्हापूरचे अक्षांश उत्तर १६.७ व रेखांश पूर्व ७४.२ धरले असता गणिताने उपग्रहाचा दिगंश उत्तरेपासून पूर्वेकडून मोजून सुमारे १२९ अंश, म्हणजे जवळजवळ आग्नेय दिशा, आणि उन्नतांश सुमारे ६० अंश येतो. तथापि प्रचारातील लहान डिश समोरून पाहता इतकी वर तोंड केलेली दिसत नाही. तिचे नाभिस्थान एका बाजूस असते; हा फरक २५ अंशांचा असेल, तर डिशचा पृष्ठभाग ३५ अंशांवरच रोखलेला भासतो आणि नवखा मनुष्य ती उगीचच आणखी वर उचलतो. साठ सेंटिमीटर व्यासाच्या डिशचा दृष्टिपट्टा सुमारे तीन अंशांचा, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन बोटांएवढा असतो. गच्चीवरील सळया व लोखंडी टाकी यांच्याजवळ होकायंत्र याहून अधिक चुकू शकते.

या कामी सूर्याचे साहाय्य घेता येते. कोल्हापुराहून पाहता हा उपग्रह खगोलीय विषुववृत्ताच्या सुमारे २.९ अंश दक्षिणेस दिसतो. सूर्याची क्रांती १३ मार्चच्या व ३० सप्टेंबरच्या आसपास तितकीच असते. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास (मार्चमध्ये थोडे नंतर, सप्टेंबरअखेर थोडे आधी) सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. त्या वेळी एलएनबीची सावली पाहून दिशा तपासावी. मात्र काही मिनिटे सूर्याच्या प्रारणामुळे गुणवत्ता ढासळते, आणि आगेमागे काही दिवस हे घडत राहते. अशा समयी चित्र गेले म्हणून कार्डास हात लावू नये.

सर्वांत अधिक दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे एलएनबीचा पीळ. उपग्रहाचे संदेश उभ्या व आडव्या अशा दोन ध्रुवणांत येतात. उभे ध्रुवण पृथ्वीच्या अक्षाशी समांतर आहे असे धरल्यास कोल्हापुरात ते क्षितिजाच्या संदर्भात सुमारे ४८ अंशांनी कललेले आढळेल. हा आकडा लक्षणीय आहे. उपग्रह बरोबर दक्षिणेस असता तर पीळ शून्य असता. येथे मात्र तो पूर्वेस १९ अंश सरकलेला असून आपले अक्षांशही लहान आहेत. एलएनबी सरळ उभा बसविला तर दोन्ही ध्रुवणे त्यात जवळजवळ समप्रमाणात शिरतात. एकाच कंप्रतेवर दोन्हींत प्रक्षेपण चालू असेल, तर तीव्रता पूर्ण आणि गुणवत्ता शून्य असा चमत्कारिक देखावा दिसतो. डिशच्या मागे उभे राहून उपग्रहाकडे तोंड केले असता एलएनबी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवावा, आणि प्रत्यक्ष उपग्रहाचे ध्रुवण गणितातील गृहीताहून थोडे निराळे असू शकते म्हणून शेवटचे काही अंश गुणवत्तेकडे पाहूनच ठरवावेत.

तारेतील दोष त्याच्या लक्षणांवरून ओळखता येतो. कार्ड एलएनबीला १३ व्होल्ट दाब देते तेव्हा उभे, आणि १८ व्होल्ट देते तेव्हा आडवे ध्रुवण निवडले जाते. फक्त आडव्या वाहिन्या नाहीशा झाल्या तर लांब किंवा हलक्या तारेत दाब गळत असावा, अथवा कार्डाची वीजजोडणी राहून गेली असावी. काही कार्डांना संगणकाच्या वीजपेटीतून निराळी जोडणी द्यावी लागते. ११,७०० मेगाहर्ट्झच्या वरच्याच वाहिन्या येत नसतील, तर २२ किलोहर्ट्झचा निवडसूचक स्वर एलएनबीपर्यंत पोचत नाही असे समजावे. सांध्यात शिरलेले पाणी तर कोल्हापूरच्या पावसाळ्यात गृहीतच धरावे.

यानंतर तीच तार एखाद्या साध्या सेट-टॉप बॉक्सला जोडून पाहावी. त्यावर चित्र स्वच्छ आले तर गच्चीवर पुन्हा चढण्याचे कारण नाही. दोष संगणकात आहे. लिनक्स प्रणालीत कार्ड ओळखले जाऊनही त्याचे फर्मवेअर योग्य जागी नसल्याने ते मुके राहते; प्रणालीची नोंदवही वाचली असता हे उघड होते. दोन प्रोग्राम एकाच वेळी कार्ड धरू पाहत असतील तर दुसऱ्यास ते मिळत नाही. चिन्हवेग लिहिताना एकक चुकणे हे तर नित्याचे : उपग्रहाच्या कोष्टकात २९,५०० असेल, तर काही प्रोग्रामांना २,९५,००,००० हा आकडा द्यावा लागतो. शिवाय डीव्हीबी-एस व डीव्हीबी-एस-२ या दोन पद्धती भिन्न असून जुने कार्ड केवळ पहिलीच जाणते.

राहता राहिला पाऊस. १९७५-७६ च्या ‘साइट’ प्रयोगात विजापूर, गुलबर्गा व रायचूर जिल्ह्यांतील खेड्यांत कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीच्या डिश चालल्या, कारण तेथील ८६० मेगाहर्ट्झच्या लहरींची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर होती. आजच्या लहरी जेमतेम पावणेतीन सेंटिमीटरच्या आहेत. त्यांना पाण्याचे थेंब अडवितात आणि डिशला पडलेला थोडासा पोचाही बाधतो. परंतु पावसाचा दोष सर सरताच जातो. आकाश निवळल्यावरही गुणवत्ता परतली नाही, तर कारण वर सांगितलेल्यांपैकीच एखादे असते, आणि तपासणीस आरंभ एलएनबीच्या पिळापासून करावा.