मुलाचा ताप, भरतीचे मैदान आणि मेडिकलवरची गोळी

मुलाला दोन दिवस ताप आला की आपल्या वस्त्यांमध्ये एक ठरलेली वाट धरली जाते. सरकारी दवाखान्यात जायचे तर अर्धा दिवस रांगेत जातो आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलवरून 'मागच्या वेळचेच औषध' आणले जाते. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुलीही हेच करतात. पोट बिघडले, पण सराव चुकवायचा नाही. मग रात्री दोन गोळ्या घ्यायच्या आणि पहाटे मैदानावर हजर व्हायचे. दोन्ही ठिकाणी अनेकदा हातात पडते ते अँटिबायोटिक. त्याचे काम काय आणि नुकसान काय, हे पालकांनी आणि धावणाऱ्या तरुणांनी समजून घेतले पाहिजे.

ताप म्हणजे अँटिबायोटिक नव्हे

अँटिबायोटिक फक्त जीवाणूंवर चालते, विषाणूंवर नाही. सर्दी आणि फ्लू विषाणूंमुळे होतात. घसादुखी आणि लहान मुलांचे जुलाबही बहुतेक वेळा विषाणूंमुळेच होतात. साधी सर्दी आठवडाभरात, फार तर दहा दिवसांत आपोआप बरी होते. तिसऱ्या दिवशी औषध दिले आणि पाचव्या दिवशी मूल खेळू लागले, तर श्रेय औषधाला मिळते. पुढच्या वेळी तेच औषध पुन्हा आणले जाते.

आपल्या आतड्यात कोट्यवधी उपयोगी जीवाणू राहतात. ते अन्न पचवायला आणि प्रतिकारशक्ती घडवायला मदत करतात. अँटिबायोटिकला शत्रू आणि मित्र यांतला फरक कळत नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी १४ हजारांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून २०२० मध्ये निष्कर्ष मांडले. वयाच्या दोन वर्षांच्या आत अँटिबायोटिक मिळालेल्या मुलांमध्ये पुढे दमा, अॅलर्जी आणि लठ्ठपणा यांचे प्रमाण जास्त आढळले. यावरून औषधामुळेच हे आजार झाले असे सिद्ध होत नाही. पण विनाकारण औषध देऊ नये, एवढा इशारा त्यातून नक्की मिळतो.

धावणाऱ्यांसाठी दोन गोष्टी

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील संशोधकांनी भरपूर धावण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवलेल्या उंदरांना दहा दिवस अँटिबायोटिक दिले. ते आजारी पडले नाहीत, पण त्यांचे धावणे २१ टक्क्यांनी घटले. औषध थांबवल्यावर बारा दिवसांनीही ते पूर्ववत झाले नव्हते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग उंदरांवरचा आहे. माणसाचेही तसेच होते, असे त्यावरून म्हणता येणार नाही.

दुसरी गोष्ट मात्र माणसांबाबतची आहे. जुलाबावर सर्रास घेतल्या जाणाऱ्या सिप्रोफ्लोक्सासिन, ओफ्लोक्सासिन यांसारख्या गोळ्यांमुळे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीसारख्या भागाला, म्हणजे कंडराला, सूज येऊ शकते किंवा तो तुटू शकतो. जास्त धोका पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या कंडराला असतो. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००८ मध्ये या गटातील औषधांवर चौकटीतला इशारा छापणे बंधनकारक केले. हा त्रास क्वचित होतो. साठीपुढच्या आणि स्टेरॉइड घेणाऱ्या लोकांना धोका अधिक असतो. पण ज्याची वर्षभराची मेहनत १६०० मीटरच्या, किंवा मुलींच्या बाबतीत ८०० मीटरच्या, धावण्यावर अवलंबून आहे, त्याने हे माहीत करून घ्यावे. असे औषध चालू असताना किंवा संपल्यानंतरही टाचेमागे दुखू लागले, तर धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

मग औषध टाळायचे का?

नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच लोकांना मुलांचा न्यूमोनिया ओळखायला शिकवले आणि अँटिबायोटिक त्यांच्या हाती दिले. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तिथे जवळपास निम्म्यावर आले. १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे प्रसिद्ध झाले. औषध तेच, पण ते नेमक्या मुलाला मिळाले.

ही ओळख घरीही करता येते. मूल शांत असताना त्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षे ४० किंवा अधिक श्वास भरले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. छाती आत ओढली जाणे, मूल दूध न पिणे, सुस्त पडणे, झटके येणे या खुणा दिसल्या तर क्षणभरही थांबू नका. साध्या जुलाबात ओआरएस आणि डॉक्टरांनी सांगितलेले झिंक हेच मुख्य उपचार आहेत. शौचात रक्त दिसले तर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे.

किंमत कोण मोजते?

वारंवार औषध घेतल्याने जीवाणू त्याला दाद देईनासे होतात. २०१९ मध्ये अशा संसर्गांमुळे जगात थेट १२ लाखांहून अधिक मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. त्यांत दर पाचातला एक बळी पाच वर्षांखालील मुलाचा होता. साधे औषध चालेनासे झाले की महागडी इंजेक्शने आणि रुग्णालयातला मुक्काम येतो. तो खर्च कर्ज काढूनच भागवावा लागतो, हे आपण घराघरांत पाहतो.

चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकण्याला कायद्याने बंदी आहे. २०१४ पासून त्यांतल्या काही औषधांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवणेही दुकानदाराला सक्तीचे आहे. पण मजुरी बुडवून रांगेत उभ्या राहणाऱ्या आईला केवळ कायदा सांगून भागत नाही. संध्याकाळी उघडा असणारा दवाखाना वस्तीजवळ हवा, ही मागणी आपल्या नगरसेवकाकडे, सरपंचाकडे लेखी गेली पाहिजे.

तोवर डॉक्टरांना तीन प्रश्न विचारायला संकोच करू नका. हा आजार जीवाणूंमुळे झाला आहे का? औषध किती दिवस घ्यायचे? कोणती खूण दिसली तर परत यायचे? आणि उरलेली बाटली पुढच्या तापासाठी जपून ठेवू नका.