सागवान परवडत नाही? मग हे करून पाहा!

लेकीचं लग्न ठरलं की पलंग-कपाटाचा विषय निघतोच. पण नव्या सागवानाचा भाव ऐकून वखारीच्या दारातूनच परतावं लागतं. मग भुश्शाच्या फळीचं स्वस्त कपाट घरात येतं आणि ओल लागली की फुगतं!

मैत्रिणींनो, सोलापुरात जुना वाडा उतरवतात, तेव्हा त्याच्या तुळया, खांब, चौकटी विकायला निघतात. त्यांवर नजर ठेवा. हे लाकूड वर्षानुवर्षं वाळलेलं असतं. घेताना मात्र ठोकून पाहा : आवाज खणखणीत हवा. दबका आला तर आत वाळवीनं पोखरलेलं समजा. बारीक भोकांतून पीठ गळत असेल तर घेऊच नका. रंधा मारण्याआधी सुताराकडून सगळे खिळे उपटून घ्या.

मापही स्वतः करा. लांबी फुटांत, रुंदी व जाडी इंचांत घेऊन तिन्हींचा गुणाकार करा आणि १४४ ने भागा, आले घनफूट. ६ फूट लांब, ६ इंच रुंद, ४ इंच जाड तुळई म्हणजे बरोबर १ घनफूट. कुजलेलं टोक मापातून वगळायला सांगा, संकोच नको!

पलंगाच्या पायांना बाभूळ उत्तम. बैलगाडीच्या चाकांना चालते ती आपलं वजन सहज पेलेल. फळ्यांना कडुनिंब चालतो. पण ओलं लाकूड सावलीत, मध्ये पट्ट्या घालून, काही महिने वाळवाच. नाहीतर आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते तडकतं.

वर सोलापुरी चादर अंथरल्यावर खाली कोणतं लाकूड आहे, हे कोण विचारतंय?