लाइट गेली तर...?

मैत्रिणींनो, सुट्टीत फिरायला निघताना आपली बॅग भरायची यादी ठरलेली असते. चिवडा, लाडू, टॉवेल, मुलांचे जादा कपडे, डोकेदुखीची गोळी. यात बॅटरी कितीजणी टाकतात? आमच्या कर्जत-खालापूर पट्ट्यात पावसाळा सुरू झाला की मुंबईच्या पाहुण्यांची रीघ लागते. शनिवारी रात्री वारा सुटतो, तारेवर फांदी पडते आणि सगळं गुडुप्प! मग मोबाइलच्या उजेडात जेवणं होतात आणि सकाळी मोबाइलही मान टाकतो.

गंमत म्हणजे मुंबईला वीज दिली ती आमच्याच तालुक्यांनी. घाटावरच्या धरणांचं पाणी खाली आणून खोपोलीत १९१५ साली टाटांची वीज तयार होऊ लागली, भिवपुरीचं केंद्र १९२२चं. तरी २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत मुंबईत झगमगाट आणि आम्ही इथे कंदिलाच्या काचा पुसत बसलेल्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच! पण त्या दिवसांनी आम्हा बायकांना तयारीत राहायची सवय लावली, हेही खरं. १२ ऑक्टोबर २०२०ला मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, तेव्हा तिकडच्या वहिनींचे फोन आम्हालाच!

सासूबाईंना दिवसातून दोनदा इन्सुलिन घ्यावं लागतं. गेल्या मे महिन्यात दिवेआगरला जायचं ठरलं, तर धाकट्या नणंदेचा फोन, "वहिनी, आईला कशाला नेताय? तिथे फ्रीज बंद पडला तर?" तिची काळजी मला कळत होती. पण या 'तर'पायी सासूबाई चार वर्षं उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या. अशा कितीतरी आज्या घर राखायला मागे राहतात आणि 'मला नाहीच आवडत फिरायला' म्हणतात.

मी सरळ आमच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी समजावलं की न उघडलेली बाटली फ्रीजमध्येच हवी, पण वापरात असलेली थंड जागी, उन्हापासून लांब, साधारण चार आठवडे चालते. नेमके दिवस त्या त्या इन्सुलिनच्या कागदावर लिहिलेले असतात, ते वाचायचे. बर्फाला मात्र चिकटवायची नाही, एकदा गोठलं की ते वाया. बंद गाडीत तर मुळीच ठेवायची नाही, उन्हात गाडीची भट्टी होते.

मग आम्ही एक छोटं मडकं घेतलं. त्यात ओली वाळू, वाळूत स्टीलचा डबा, डब्यात प्लास्टिकच्या पिशवीत बाटली, वर ओलं फडकं. कोकणातल्या दमट हवेत मडकं हवं तितकं गार होत नाही, म्हणून ते सावलीत, वाऱ्याच्या तोंडाशी ठेवायचं. खोपोली, पाली, माणगाव, म्हसळा असा सगळा प्रवास ते मडकं माझ्या पायाशी होतं. ह्यांनी 'देव्हाराच निघालाय' म्हणून चिडवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लाइट गेली, ती आली दुसऱ्या दिवशी दुपारी! सासूबाईंनी बॅटरीच्या उजेडात वेळेवर इंजेक्शन घेतलं, वेळेवर जेवल्या आणि अंगणात बसून मुलांना निसर्ग वादळाच्या गोष्टी ऐकवल्या. ३ जून २०२०ला ते वादळ याच श्रीवर्धन पट्ट्यावर आलं, तेव्हा कित्येक गावं कित्येक दिवस अंधारात होती. त्यापुढे आमची एक रात्र ती काय!

खोली ठरवताना 'जनरेटर आहे का' एवढंच विचारू नका बरं का. तो पंख्याला चालतो का, पाण्याच्या पंपाला चालतो का, हे विचारा. पंप बंद की नळ कोरडा, म्हणून संध्याकाळीच दोन बादल्या भरून घ्यायच्या. जनरेटर खिडकीखाली किंवा बंद पडवीत लावलेला दिसला तर हलवायला सांगा, त्या धुराने झोपेत जीव जातो. मच्छरदाणीजवळ मेणबत्ती नको. थोडे सुटे पैसे जवळ हवेत, कारण टॉवर बंद पडला की मोबाइलवरून पैसे जात नाहीत.

आणि अंधारात अनवाणी पाय टाकायचा नाही. आपला रायगड विंचवांचा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार शोधून हजारोंचे प्राण वाचवले, पण त्यासाठी वेळेत दवाखाना गाठावा लागतो. चपला झटकून घालाव्यात, हे बरं.

मागे घरातल्या फ्रीजचंही सांगते. वाटीत पाणी गोठवून त्यावर एक नाणं ठेवून जा. परत आल्यावर नाणं बर्फात खाली गेलेलं दिसलं तर लाइट बराच वेळ गेली होती, आतलं नासकं सरळ टाकून द्या.

आमच्या बचत गटातली एक ताई पर्यटकांना घरगुती जेवण आणि राहायला खोली देते. 'तुमच्याकडे लाइट जाते का हो?' असं फोनवर विचारलं की ती आढेवेढे घेत नाही. म्हणते, "जाते की! पण खोलीत बॅटरी आहे, पिंप भरलेलं आहे आणि भाकरी चुलीवरची आहे. या!"