डिझेलची गाडी बरी की गॅसची? – ओझ्याच्या गाडीचा हिशेब



नववीच्या वर्गात 'कार्य आणि ऊर्जा' हा धडा चालू होता. तास संपल्यावर एक विद्यार्थी मागे थांबला. त्याच्या वडिलांचा भाड्याचा टेम्पो आहे. तो काढून नवी पिकअप घ्यायची, अशी घरात बोलणी चालू होती. तो म्हणाला, "सर, बाबा म्हणतात डिझेलची घेऊ. काका म्हणतात सीएनजीची घे, पैसे वाचतील. अमेरिकेतला मामेभाऊ म्हणतो, तिकडे तर गॅसच्याच पिकअप जास्त. खरं कोणाचं?"

प्रश्न मुलाचा असला तरी घराचा होता. कर्ज काढून घेतलेली गाडी सात-आठ वर्षे घर चालवते. निवड चुकली तर ते दर महिन्याच्या हप्त्याला जाणवते. मसाट, पिपरिया, नरोली, रखोली या औद्योगिक वसाहतींतून वापीकडे माल नेणाऱ्या गाड्या आपण रोज पाहतो. आपल्या शाळेतल्या कित्येक मुलांच्या घरची चूल या गाड्यांवर पेटते. म्हणून हा हिशेब सर्वांसाठी येथे मांडत आहे.

आधी 'गॅस' म्हणजे काय ते पाहू

अमेरिकेत पेट्रोलला 'गॅसोलिन' म्हणतात आणि बोलताना त्याचे 'गॅस' करतात. म्हणजे मामेभावाची गाडी पेट्रोलची. आपल्याकडे गॅसची गाडी म्हणजे सीएनजीची, नळकांड्यात दाबून भरलेल्या नैसर्गिक वायूची. शब्द एक, वस्तू दोन. तिकडे डिझेल बहुधा पेट्रोलपेक्षा महाग असते, म्हणून हलक्या कामाला पेट्रोलची पिकअप आणि जड ट्रेलर ओढायला डिझेलची, अशी विभागणी दिसते. आपल्याकडे जड ओझ्याला निव्वळ पेट्रोलची गाडी क्वचितच कोणी घेतो. खरी चुरस आहे ती डिझेल आणि सीएनजी यांच्यात.

ही चुरस फार जुनी नाही. २००५ साली टाटांची 'एस' आली, तीच आपला 'छोटा हत्ती'. तिचे इंजिन दोन सिलिंडरचे, सुमारे ७०० सीसीचे आणि डिझेलचे होते. त्या काळी डिझेल पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त असे. पुढे जून २०१० मध्ये पेट्रोलचे आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले आणि दोन्हींतले अंतर कमी झाले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले. धूर स्वच्छ करणारी यंत्रणा लावावी लागल्याने लहान डिझेल गाड्या महागल्या. मारुतीची 'सुपर कॅरी' २०१६ मध्ये डिझेलवर आली होती, ती २०२० पासून पेट्रोल आणि सीएनजीवरच मिळू लागली. २०२२ मध्ये टाटांनी एक टन माल नेणारी 'इंट्रा व्ही २०' सीएनजी व पेट्रोल अशा दुहेरी इंधनावर आणली. पूर्वी टेम्पोवाल्याला निवडच नव्हती. आता ती आहे, म्हणून डोकेही चालवावे लागते.

इंधन जाते कुठे?

गाडी चालताना इंजिनाला चार गोष्टींशी झगडावे लागते. एक, चाकांचे रस्त्याशी होणारे घर्षण. दोन, समोरची हवा. तीन, चढ. चार, थांबलेल्या गाडीला पुन्हा वेग देणे. यांतल्या हवेला गाडीच्या वजनाशी कर्तव्य नाही. ती फक्त आकार आणि वेग पाहते. बाकीच्या तिन्ही गोष्टी वजनाबरोबर वाढतात. म्हणून रिकामी गाडी चांगले ॲव्हरेज देते आणि तीच भरली की आकडा खाली येतो. जाहिरातीतला आकडा सहसा प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चालवून काढलेला असतो. त्या रोलरला घाट नसतो, खड्डे नसतात आणि नाक्यावरची गर्दीही नसते.

डिझेल पुढे का राहते?

याची कारणे चार आहेत.

पहिले, एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते, तर एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२.

दुसरे, पेट्रोलच्या इंजिनात इंधन आणि हवा यांचे मिश्रण साधारण दहापट दाबले जाते आणि प्लगच्या ठिणगीने पेटवले जाते. डिझेलच्या इंजिनात निव्वळ हवा सोळा-सतरापट दाबली जाते. ती इतकी तापते की नोझलमधून डिझेल आत आले की आपोआप पेट घेते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली हे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले. दाब जास्त, म्हणून उष्णतेतून कामही जास्त निघते.

तिसरे, पेट्रोल किंवा सीएनजीच्या इंजिनात हवेच्या वाटेवर एक झडप असते. ॲक्सिलरेटर सोडला की ती मिटत जाते आणि इंजिनाला जणू नाक दाबून श्वास घ्यावा लागतो. डिझेलच्या इंजिनात हवा मोकळी येते, कमी-जास्त होते ते फक्त इंधन.

चौथे, टर्बो लावलेले डिझेल इंजिन कमी फेऱ्यांतच भरपूर ओढ देते. त्यामुळे चढावर लवकर गिअर उतरवावा लागत नाही. सीएनजीत वायू स्वतःच हवेची जागा अडवतो, म्हणून तेच इंजिन पेट्रोलपेक्षा दहा टक्क्यांच्या आसपास कमी ताकद देते. भरल्या गाडीत चढावर हे लगेच कळते.

१२, ८, १२ ध्यानात ठेवा

येथे बहुतेकांची गफलत होते. डिझेल आणि पेट्रोल लिटरवर मिळते, सीएनजी किलोवर. मग 'ही गाडी १४ देते, ती १६ देते' ही तुलना कशी करायची? ढोबळ मानाने असे धरू. डिझेल इंजिन इंधनातल्या ऊर्जेचा तिसरा हिस्सा कामाला लावते, पेट्रोल आणि सीएनजीचे इंजिन चौथा हिस्सा.

१ लिटर डिझेल : ३६ चा तिसरा हिस्सा = १२ मेगाज्यूल काम
१ लिटर पेट्रोल : ३२ चा चौथा हिस्सा = ८ मेगाज्यूल काम
१ किलो सीएनजी : सुमारे ४८ चा चौथा हिस्सा = १२ मेगाज्यूल काम

म्हणजे ओझे ओढताना एक लिटर डिझेल, एक किलो सीएनजी आणि दीड लिटर पेट्रोल यांचे काम जवळपास सारखे. आकडे अगदी काटेकोर नाहीत, पण निवड करायला पुरेसे आहेत.

सिल्वासा ते नाशिक

सिल्वासा समुद्रसपाटीपासून जेमतेम ३०-४० मीटर उंचीवर आहे, तर नाशिक सुमारे ६०० मीटरवर. कपराडा-पेठच्या वाटेने जा किंवा जव्हारच्या, निदान साडेपाचशे मीटर चढल्याशिवाय नाशिक येत नाही. गाडीचे वजन १७०० किलो आणि माल १३०० किलो, असे ३००० किलो धरू.

काम = वस्तुमान × ९.८ × उंची = ३००० × ९.८ × ५५०, म्हणजे सुमारे १६ मेगाज्यूल.

याला डिझेल लागते सुमारे १.३५ लिटर, सीएनजी तेवढेच किलो आणि पेट्रोल २ लिटर. हे झाले फक्त उंची गाठण्याचे. घर्षण, हवा आणि मधले चढउतार वेगळे. गाडी रिकामी असती तर याच उंचीला पाऊण लिटर डिझेल पुरले असते.

आता पैशाचा हिशेब

दर बदलत असतात, म्हणून आपण समजुतीपुरते दर घेऊ. पालकांनी येथे आपल्या पंपावरचे दर घालावेत. डिझेल ९० रु., पेट्रोल ९५ रु. आणि सीएनजी ८० रु. धरा. भरलेली पिकअप डिझेलवर लिटरला १० कि.मी. जाते असे माना. मग १०० कि.मी. ला डिझेलचे ९०० रु., सीएनजीचे ८०० रु. आणि पेट्रोलचे १४२५ रु. होतात. पेट्रोल येथेच मागे पडले. काकांचेही खरे निघाले. रोज १०० कि.मी. प्रमाणे वर्षाचे ३०० दिवस धरले तर सीएनजीवर ३०,००० रुपये वाचतात.

पण वहीचे दुसरे पानही उलटावे. ६० लिटर पाणी मावेल एवढ्या नळकांड्यात २०० बार दाबाने जेमतेम ९-१० किलो वायू बसतो. रिकाम्या पोलादी नळकांड्याचेच वजन साठ किलोच्या घरात असते. ते वजन माल म्हणून गेले असते, आता ते गाडीलाच वाहावे लागते. नळकांड्याची दर तीन वर्षांनी तपासणी करावी लागते. आणि रांग? समजा पंपावरच्या रांगेमुळे आठवड्याला एक खेप बुडाली आणि एका खेपेमागे ८०० रु. सुटत असतील, तर वर्षाचे ४०,००० रुपये गेले. वाचलेले तीस हजार कुठल्या कुठे!

मागे ट्रॉली जोडली तर

आपल्याकडे पिकअपमागे ट्रेलर कमी दिसतो. मांडवाचा जनरेटर दोन चाकांवर बसवून ओढतात तेवढाच. ट्रॉली ओढतो तो ट्रॅक्टर, आणि तो डिझेलचा. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी सीएनजीवर बदललेला ट्रॅक्टर सादर केला होता, पण शेतात अजून डिझेलचेच राज्य आहे. ट्रॉलीने वजन वाढते, चाके वाढतात आणि तिचा खोका उंच असला तर हवाही जास्त अडते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी ८० ऐवजी ६० कि.मी. वेगाने गेलात तर तो जवळजवळ निम्म्यावर येतो. ताडपत्री फडफडत असेल तर ती आवळून बांधा. एवढ्यानेही फरक पडतो, आणि त्याला पैसा लागत नाही.

दोन चुकीच्या बचती

पहिली, उतारावर गाडी न्यूट्रल करणे. कित्येक चालक अजून असे करतात. आताच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की नोझलचे इंधन पूर्ण बंद होते, चाकेच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन जळतच राहते. म्हणजे बचत नाहीच, उलट इंजिनाचा रोध गेल्याने सारा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापून निकामी होतात. किल्लीच बंद केली तर ब्रेकला मिळणारी मदतही जाते. कपराड्याचा कुंभघाट ब्रेक निकामी होऊन झालेल्या अपघातांसाठी ओळखला जातो. चढाला जो गिअर, उताराला तोच, ही जुन्या चालकांची शिकवण आजही सोन्यासारखी आहे.

दुसरी, जादा माल भरणे. टनामागे इंधन कमी लागते हे खरे, आणि म्हणूनच मोह होतो. पण ब्रेक, टायर आणि पाटे ठरलेल्या वजनासाठीच बनवलेले असतात. वाचलेल्या चार लिटरची किंमत एखादे घर मोजते.

मग कोणती घ्यावी?

रोजच्या फेऱ्या जवळच्या, सपाट रस्त्याच्या, आणि पंप वाटेवर असेल तर सीएनजी बरा. नव्या डिझेल गाडीत काजळी अडवणारी जाळी असते, सतत छोट्या फेऱ्या मारल्या तर ती तुंबते. दूरचा पल्ला, भरलेली गाडी आणि घाट असेल तर डिझेल. दर बदलले तर उत्तर बदलेल, हिशेबाची रीत बदलणार नाही.

त्या विद्यार्थ्याला मी एवढेच सांगितले की महिनाभर वडिलांच्या गाडीची वही ठेव. टाकी काठोकाठ भरायची, मीटरचा आकडा लिहायचा, पुन्हा काठोकाठ भरताना किती लिटर बसले ते लिहायचे. प्रत्येक फेरीपुढे माल किती तेही लिहायचे. महिन्याने तो वही घेऊन आला. तिच्यात डिझेल-सीएनजीपेक्षा मोठी गोष्ट सापडली. दर तीन फेऱ्यांमागे एक फेरी पूर्ण रिकामी होती. रिकामी गाडीही लिटरला १४ च्या पुढे जात नव्हती. म्हणजे कोणतेही इंधन घातले तरी एवढा पैसा वाऱ्यावरच जात होता. वडिलांनी गाडी घेणे थोडे पुढे ढकलले आणि आधी परतीचा माल मिळवण्याच्या खटपटीला लागले.

विश्वस्त मंडळींनीही ही गोष्ट ध्यानात घ्यावी. स्नेहसंमेलनाचे सामान अर्धे-अर्धे दोन टेम्पोंतून आणण्यापेक्षा एकाच टेम्पोतून, त्याच्या मर्यादेत, नीट रचून आणले तर इंधन निम्म्याहून थोडेच जास्त लागेल. तसेच, सामान उतरवताना शाळेच्या दारात इंजिन चालू ठेवू नये, असे चालकाला आवर्जून सांगावे. तो धूर मुलांच्याच छातीत जातो.

घरचा अभ्यास : तुमच्या घरच्या किंवा शेजारच्या कोणत्याही गाडीची महिनाभर वही ठेवा. एक किलोमीटरला किती रुपये लागले ते काढा. गाडी मालाची असेल तर एक टन माल एक किलोमीटर नेण्यास किती लागले तेही काढा. वही विज्ञानाच्या तासाला आणा. आकडा चुकला तरी चालेल, पण तो स्वतः मोजलेला असावा.