शहरांचे परराष्ट्रकारण

परराष्ट्रकारण हा राजधानीचा विषय, पेठेने त्यात बोलू नये, असा समज आपणांत रूढ आहे. इतिहास मात्र निराळे सांगतो. उत्तर जर्मनीतील ल्यूबेक, हॅम्बुर्ग, रोस्टॉक आदी शहरांच्या व्यापाऱ्यांनी उभारलेला ‘हान्सा’ संघ हा त्याचा ठळक दाखला होय. या संघास स्वतःचा राजा नव्हता, खडे सैन्य नव्हते. शहरांचे प्रतिनिधी बहुधा ल्यूबेकला जमत, ठराव करीत व परराज्यांत वकील धाडीत. लंडन, ब्रूज, बर्गेन व नोव्हगोरोद येथे त्यांच्या वखारी होत्या.

नॉर्वेकरांनी जर्मन जहाज लुटले, यावरून १२८४ साली यांतील काही शहरांनी नॉर्वेला धान्य व पीठ पाठविणे बंद केले. तेथे अन्नाचा दुष्काळ पडला आणि राजास समेट करणे भाग पडले. पुढे डेन्मार्कचाही युद्धात पराभव होऊन १३७० साली स्ट्रालझुंडच्या तहाने त्याला शहरांचे व्यापारी हक्क मान्य करावे लागले. कालांतराने राष्ट्रे बलवान झाली, शहरांची एकी ढळली आणि १६६९ ची सभा अखेरची ठरली.

आम्ही धान्याचे व्यापारी. नॉर्वेच्या त्या प्रसंगात पेठेचे सामर्थ्य दिसते हे खरे. परंतु उपाशी राहिलेल्या घरांनी काही ते जहाज लुटले नव्हते. असे शस्त्र पेठेच्या हाती नसावे, हेच आम्हांस उचित वाटते.

मग पेठेने मौन धरावे काय? जर्मनीच्या १९४९ च्या राज्यघटनेने मध्यममार्ग काढला आहे. परराष्ट्रव्यवहार केंद्राकडेच आहे. मात्र घटकराज्याच्या विशेष परिस्थितीवर परिणाम करणारा तह होण्यापूर्वी त्या राज्याचा विचार वेळीच घ्यावा लागतो. हॅम्बुर्ग व ब्रेमेन ही जुनी हान्सा शहरे आज अशीच घटकराज्ये आहेत.

आपल्या राज्यघटनेत परराष्ट्रव्यवहार व तह केंद्रसूचीत आहेत. राज्यांचा विचार घेण्याचे तसे बंधन तीत नाही. २०१४ साली परराष्ट्र मंत्रालयाने राज्यांसाठी स्वतंत्र विभाग काढला, ही वाट तेवढी मोकळी आहे. आयात-निर्यातीचा करार दिल्लीत होतो, त्याचा परिणाम आपल्या तराजूवर उमटतो. तेव्हा हान्साचे शस्त्र सोडून त्यांची रीत घ्यावी: एकत्र जमावे, आवक व भावाचे खरे आकडे मांडावे, ठराव करावा आणि तो करारावर सही होण्यापूर्वी राज्य शासनापुढे ठेवावा. सही झाल्यावर केलेला अर्ज ही केवळ तक्रार ठरते.