गाडीला कोणतं पाणी पाजता?

परभणीहून जिंतूरच्या रस्त्याला लागलं की वाटेत आमचं झरी येतं. नावातच पाणी आहे. पण आमच्या बोअरचं पाणी प्यायलेला पाहुणा दुसऱ्या घोटाला तोंड वाकडं करतो. मशिदीत वजूच्या तोट्यांना पांढरी खपली धरते, ती अधूनमधून खरवडावी लागते. अम्मीच्या चहाच्या पातेल्याचीही तीच गत. हे सगळं रोज डोळ्यांना दिसत होतं, आणि तरी तेच पाणी आम्ही वर्षानुवर्षं जीपच्या रेडिएटरमध्ये ओतत होतो.

जीप माझ्या थोरल्या भावाची, काळी-पिवळी. 2003 सालच्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारची वेळ, गाडीत दाटून भरलेले प्रवासी, आणि बोनेटमधून वाफ निघायला लागली. भाईजानने गाडी कडेला घेतली. मी कॅन घेऊन शेजारच्या आखाड्यावर पाणी मागायला गेलो. परत येईपर्यंत त्याला दम निघाला नाही. खांद्यावरचा रुमाल हाताला गुंडाळून त्याने रेडिएटरचं झाकण फिरवलं. उकळत्या पाण्याचा फवारा कोपरापर्यंत हात भाजून गेला. दोन महिने त्याने स्टिअरिंग धरलं नाही. ऐन लग्नसराईत गाडी दारात उभी, आणि हप्ते चालूच.

असं का होतं, ते मला नंतर कळलं. मी बी.ए. मराठीचा माणूस, यंत्र हा माझा विषय नव्हे. पण भाऊ घरात पडून असल्यावर मिस्त्रीच्या दुकानात मलाच बसावं लागलं.

डिझेल जळून जी उष्णता तयार होते, तिचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा चाकं फिरवायला लागतो. एक हिस्सा धुराबरोबर सायलेन्सरमधून जातो, आणि उरलेला पाण्याला वाहून न्यावा लागतो. पंप हे पाणी इंजिनाभोवती फिरवतो, ते तापतं, रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जाताना वाऱ्याने निवतं आणि पुन्हा इंजिनात येतं. झाकणाला आत स्प्रिंग असते. ती पाण्यावर दाब ठेवते, त्यामुळे शंभर अंशांच्या वर गेलं तरी पाणी उकळत नाही. झाकण उघडलं की दाब एका क्षणात जातो आणि दबून बसलेलं पाणी वाफ होऊन उसळतं. तिथे रुमाल काय कामाचा?

मिस्त्रीने रेडिएटर खोलला, तर निम्म्याअधिक नळ्या बुजलेल्या. त्याने खपलीचा एक तुकडा माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला, "कवी, ही तुमच्या बोअरची कमाई."

जड पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी तापलं की ते सुटे होऊन धातूवर बसतात. हा पापुद्रा उष्णता सहज जाऊ देत नाही. एक मिलिमीटरचा थर म्हणजे इंचभर जाडीचं बीड मध्ये घातल्यासारखं. वरून पाणी भरलेलं दिसतं, आत इंजिन भाजत असतं. मग हेड वाकतं, गॅस्केट जातं. पाणी दुधाच्या चहासारखं दिसायला लागलं, तर त्यात ऑइल मिसळलंय असं समजावं आणि गाडी चालवू नये.

साफसफाई अवघड नाही, घाई तेवढी नको. इंजिन पूर्ण गार असताना, शक्यतो सकाळी, खालचा कॉक किंवा खालचा होज सोडून जुनं पाणी बादलीत घ्या. स्वच्छ पाणी भरून, झाकण लावून, वरचा होज गरम होईपर्यंत इंजिन चालवा. मग बंद करून पुन्हा गार होऊ द्या, आणि सोडा. पाणी नितळ येईपर्यंत हेच. खपली फार असेल तर रेडिएटरसाठीच मिळणारं क्लीनर डब्यावर लिहिल्याप्रमाणे वापरा आणि नंतर भरपूर धुवा. संडासचं ॲसिड ओतणारे बहाद्दर मी पाहिलेत. जुने रेडिएटर तांब्या-पितळेचे होते, आताचे बहुतेक ॲल्युमिनियमचे. त्यांना ॲसिड खातं आणि धुण्याचा सोडाही खातो.

शेवटी भरायचं ते डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, बहुधा निम्मं-निम्मं. नेमकं प्रमाण आणि बदलण्याची मुदत गाडीच्या पुस्तकात असते. कूलंटमुळे पाणी उशिरा उकळतं, आणि त्यातली औषधं गंज धरू देत नाहीत. हिरवं, लाल, निळं अशा रंगांवर जाऊ नका. एकाच रंगाचे दोन कूलंट आतून वेगळे असू शकतात. काढलेलं जुनं कूलंट मात्र अंगणात सोडायचं नाही. ते चवीला गोड असतं आणि विषारी. कुत्रं, शेळी, लहान पोर, कुणीही फसेल.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी आणखी एक. सोयाबीन, हरभऱ्याच्या मळणीत रेडिएटरच्या जाळीवर भुसा बसतो. आतून सगळं स्वच्छ असूनही वाराच लागत नसेल तर इंजिन तापणारच. रोज संध्याकाळी, इंजिन गार झाल्यावर, आतल्या बाजूने बाहेर, म्हणजे हवा येते तिच्या उलट दिशेने जाळी साफ करावी. फवारा जोराचा नको, पत्र्याच्या पातळ पात्या वाकतात. आणि "थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी थंड राहील" हा सल्ला देणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत. ऐकू नका. इंजिन नको तेवढं गार राहिलं तर डिझेल जास्त खातं आणि झिजतंही लवकर.

2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हा आम्हीही टँकरकडे डोळे लावून होतो. अशा दिवसांत गाडीला डिस्टिल्ड पाणी द्या म्हणणं मलाच चोरट्यासारखं वाटायचं. पण हिशेब मांडून पाहिला. कूलंट बंद फेऱ्यात फिरतं, गळती नसेल तर वर्षभरात जेमतेम पेलाभर कमी होतं. रोज कॅनभर पाणी पिणारी गाडी तहानलेली नसते, ती कुठेतरी फुटलेली असते.

भाईजानने पुढे जीप विकून ट्रॅक्टर घेतला. आता पोरं चालवतात. सकाळी सुरू करण्याआधी पाण्याची पातळी पाहतात. झाकणाला हात लावण्याआधी मात्र त्यांना भाईजानला विचारावं लागतं. तो आधी वरच्या होजवर हात ठेवतो, मग मान हलवतो.